दोन तोंडं जास्त

नवा शर्ट आणला की त्याच्या आतल्या बाजूला, अगदी खालच्या टोकाशी, एक जादा बटण शिवलेलं सापडतं. त्याला कधी बोलावणं येत नाही. शर्टाचं फडकं झालं तरी ते बटण कोरं करकरीत असतं. आम्हां कॉमर्सवाल्यांना अशा वस्तूंचा फार जाच होतो. पैसे मोजले, माल आला, पण उपयोगाच्या खात्यात शून्य. मग हा ताळेबंद जुळवायचा कसा?

आमच्या गाडीच्या रेडिएटरने हा प्रश्न ऐरणीवर आणला. गाडी हाताने गिअर टाकायची, जुनी, माझ्या मते सेकंडहँड. मिस्तरीच्या मते चौथ्या हाताची. नंदुरबारच्या मे महिन्यात बाजारात पसरलेल्या मिरच्या वाळतात आणि गाड्यांचे रेडिएटर फुटतात. आमचा नेमका सासूबाईंच्या मुक्कामात फुटला. त्यांना तोरणमाळ दाखवायचं ठरलं होतं. म्हणजे प्रश्न पाण्याच्या गळतीचा नव्हता, जावयाच्या अब्रूचा होता.

मिस्तरीने सुरतेहून रेडिएटर मागवला. खोका उघडला तर खालच्या टाकीला दोन नळ्यांची तोंडं जास्त.

"भाऊ, हा ऑटोमॅटिक गाडीचा आहे. साधा शिल्लक नव्हता. पण बसतो."

'पण बसतो' एवढ्या शेऱ्यावर आम्ही बँकेत कशावरही सही करत नाही. मी खुलासा मागितला. सौ. भाजीची पिशवी घेऊन शेजारीच उभी होती.

खुलासा असा. हाताच्या गिअरबॉक्सातलं तेल घरबशा माणसासारखं जागच्या जागी असतं. ऑटोमॅटिकचं तसं नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली हायड्रामॅटिक काढला आणि ड्रायव्हरचा डावा पाय क्लचमधून सुटला. पण पायाचे कष्ट तेलाच्या वाट्याला आले. इंजिनाची ताकद चाकाकडे जाताना हे तेल सारखं घुसळलं जातं, तापतं. म्हणून ते एका नळीने रेडिएटरच्या टाकीत येतं, तिथल्या बंद खोलीत पाण्याच्या सान्निध्यात निवतं आणि दुसऱ्या नळीने परत जातं. पाण्याची आणि त्याची गाठ पडत नाही. आमच्या गाडीत ही येजाच नाही. तेव्हा दोन तोंडं नुसती राहतील, पाणी गळणार नाही. वरचे-खालचे पाइप, पंखा आणि बोल्टची भोकं जुळली की झालं.

"उलटं मात्र करायचं नाही," मिस्तरी म्हणाला. "साधा रेडिएटर ऑटोमॅटिकला लावला, तर तेलाला निवायला जागाच नाही. वेगळा कूलर लावावा लागतो, नाहीतर गिअरबॉक्स जळतो."

तेवढ्यात सौ.ने विचारलं, "पण रेडिएटरचं पाणीच सत्तर-ऐंशी अंशांचं. ते तेल गार कसं करणार?"

मिस्तरीने पाना खाली ठेवला. "तेल त्याहून तापलेलं असतं ना, ताई."

"म्हणजे उष्णता तेलाकडून पाण्याकडे जाणार. आणि थंडीत सकाळी पाणी आधी तापलं, तर तेच तेलाला ऊब देणार!"

"बरोबर! ताई, तुम्ही कॉलेजात शिकवता?"

"नाही," ती म्हणाली आणि पिशवीतली कोथिंबीर नीट करू लागली.

ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे, फर्स्ट क्लास. धुळे, शिरपूर, नवापूर, नंदुरबार अशा माझ्या बदल्यांत तिची पदवी प्रत्येक वेळी पातेल्यांच्या खाली, ट्रंकेच्या तळाशी बांधली गेली. बदलीचं भाडं बँक देते. त्या पदवीच्या भाड्याची नोंद कुठल्याच व्हाउचरवर नाही.

मिस्तरीने दोन्ही तोंडांना रबरी बुचं बसवली. मी म्हटलं, "कायमचं झाळून का टाकत नाही?"

"कशाला, भाऊ? धूळ नको जायला, एवढंच. उद्या कुणाला लागली तर?"

तोरणमाळच्या घाटात काटा मधे होता तिथून हलला नाही. मागच्या सीटवर सौ. चिरंजीवांना सांगत होती की, हे ठिकाण साडेअकराशे मीटर उंचीवर, म्हणून इथे उघड्या पातेल्यात पाणी शंभराऐवजी शहाण्णवच्या आसपासच उकळतं. पण रेडिएटरला कुकरसारखं दाबाचं झाकण असतं, त्यामुळे आतलं पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. चिरंजीव चक्क ऐकत होते. सासूबाई खिडकीबाहेर सातपुड्याकडे बघत म्हणाल्या, "लहानपणी ही भिंतीला शिकवायची." वाक्य माझ्या नावावर नव्हतं, पण जमा माझ्याच खात्यात झालं.

जूनमध्ये सौ.ने गावातल्या एका क्लासमध्ये बारावीच्या रसायनाबद्दल विचारलं. संध्याकाळी सहा ते आठ. पहिल्या दिवशी ती खडूने माखलेले हात घेऊन घरी आली आणि ते धुवायची तिला घाई नव्हती.

आता संध्याकाळचा चहा मी करतो. पाणी किती अंशांना उकळतं हे मला पाठ झालं आहे. पत्ती किती घालायची, तो धडा अजून व्हायचा आहे.