रजेवरच्या माणसाची देखरेख

फर्लोचे, म्हणजे संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलचे, म्हणजे अभिवचन रजेचे धरले जात नाहीत. गोव्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांच्या प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: मुदतपूर्व सुटकेसाठी चौदा वर्षे मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. कैदी बापाच्या मयतीला आला असला, तरी ते दिवस आत भरून द्यायचेच. इतके महाग दिवस पोलीस ठाण्यातल्या नुसत्या हजेरीत संपवायचे?

रजेच्या अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवतात. ‘गावात तणाव होईल’, ‘फरार होण्याची शक्यता’, एवढ्या वाक्यावर अर्ज अडतो. शिवाय जामीनदार हवा, तो बहुधा नात्यातलाच. सासर आणि माहेर दोन्हींनी तोडलेल्या बाईने जामीनदार कुठून आणायचा? सगळ्यात जास्त आधार जिला हवा, तीच दारात अडकते.

मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली गर्दी कमी करायला सांगितले. महाराष्ट्राने ८ मे रोजी १९५९ च्या फर्लो-पॅरोल नियमांत भर घातली: आधी ४५ दिवसांचा पॅरोल, मग तीस-तीस दिवसांची वाढ. अट एकच ठळक, दर तीस दिवसांनी जवळच्या ठाण्यात हजेरी. बाहेर टाळेबंदी, हाताला काम नाही, काहींच्या घरात त्यांच्यासाठी ताटही नाही. ठाण्याच्या वहीत यातले काय उतरले? सही.

२०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात रजेवरच्या कैद्याला इलेक्ट्रॉनिक उपकरण लावण्याची सोय आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या एका प्रकरणात ठरवले, की आरोपीच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावू देणारी अट घालता येणार नाही. मला हे पटते. यंत्र ठावठिकाणा सांगेल. मजुरी मिळाली का, दारू पुन्हा सुरू झाली का, हे सांगणार नाही.

यंत्राशिवायची देखरेख कशी असते, यासाठी आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आठवावे. १९३९ मध्ये औंध संस्थानाने मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली. भिंत नाही, बायकोपोरे सोबत, कसायला जमीन. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला, आणि तो लिहिणारे गदिमा त्याच माणदेशातले. माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख. तिथे पीक उभे करणे हीच मोठी शिस्त. पळून जायला वाट मोकळी होती, पण पेरलेले रान आणि चूल सोडून कोण जाईल? देखरेखीचे बरेचसे काम तिथे घर आणि शेतच करत होते.

रजेवरच्या माणसासाठी हे काम कुणी करायचे, याचे उत्तर कायद्यात आधीच आहे. १९५८ च्या परिविक्षा कायद्यात परिविक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत देखरेखीबरोबर गरजेप्रमाणे रोजगार शोधून देणेही येते. हेच काम पॅरोलवरच्यांपर्यंत वाढवावे, आणि त्यासाठी जादा माणसे नेमावीत; आहेत त्यांच्यावर बालकांच्या प्रकरणांचाही भार असतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांबरोबर आणि सुटलेल्यांबरोबर काम करतो आहे. म्हणजे नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला माणसे आहेत.

अधिकाऱ्याची पहिली भेट रजेच्या पहिल्याच आठवड्यात, ठाण्यात नव्हे, घरी. घरच्यांशी बोलावे, तसे फिर्यादीच्या घरीही जावे; त्यांची भीती खरी असते. आणि परतीच्या आधीच्या आठवड्यात एक फेरी: आजारपण निघाले असेल तर मुदतवाढीचा अर्ज तिथेच बसून लिहून द्यावा, भाड्याला पैसे नसतील तर एसटीचे तिकीट काढून द्यावे.