दोर, दगड आणि एक दांडी रेंज

‘पार्टनर’ हा शब्द माझ्या आत्याला अजून झेपलेला नाही. मागच्या एप्रिलात आम्ही दोघं पाठीवर सॅक आणि खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन रत्नागिरीत तिच्या दारात उभे राहिलो, तेव्हा तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दोराकडे. म्हणाली, ‘‘लग्नाचं काय ते ठरवा आधी. आणि या दिवसांत सड्यावर कोण मरायला जातं गो?’’

खरं तर त्याला जैसलमेरला जायचं होतं. वाळू, तंबू, चांदणं, सगळं पॅकेज. पण त्याची सुट्टी तीन दिवसांची, माझं मानधन नेहमीसारखं कुठेतरी अडकलेलं, आणि दोघांचे मिळून जे काही साठले होते ते फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी राखून ठेवलेले. म्हटलं, वाळवंटच हवंय ना? माझ्या गावाला आहे, चल.

कोकण म्हटलं की लोकांना नारळ आणि हिरवळ आठवते. त्यांनी एप्रिलातला सडा पाहिलेला नसतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पिणारा हा जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात काळा ठिक्कर पडतो. मैलभर सावली नाही, पाण्याचा थेंब नाही. गवत वाळून पांढरं झालेलं. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड करत आम्ही राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या बाजूला पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि बाईकच्या सीटवर पापड भाजता आला असता. ज्यांची जमीन त्यांना विचारून तंबू टाकला. टाकला म्हणजे काय, खुंटी कातळात शिरेचना! शेवटी तंबूच्या दोऱ्या पडलेल्या चिऱ्यांना बांधल्या. प्रत्येक चिरा उचलण्याआधी मी त्याला काठीने ढोसत होते. खाली फुरसं असू शकतं, हे इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधी कळतं. तो हसत होता. फुरसं विषारी असतं म्हटल्यावर हसायचा थांबला.

आता क्लाइंबिंगचं. बदामीच्या वालुकाश्मावर आम्ही दोघं शिकलो. तिथे कड्यात पक्के बोल्ट मारलेले असतात, त्यांत क्विकड्रॉ अडकवत, त्यातून दोर ओवत वर जायचं. हेच ते स्पोर्ट क्लाइंबिंग, जे 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं. जांभ्यात मात्र बोल्टवर भरवसा ठेवता येत नाही. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, त्यावरच तर सगळ्या कोकणातली घरं उभी आहेत. पण कड्यात वरचा थर कठीण आणि आतला भुसभुशीत, असला प्रकार. म्हणून आम्ही टॉप रोप लावला. वर दोन जाड बुंध्यांना अँकर, दोर धारेवर घासू नये म्हणून खाली गोणपाट. खाली उभा राहणारा बिले देणार, म्हणजे वरचा चढेल तसा दोर ओढून घेत राहणार. काम कंटाळवाणं आहे. फोटोत कधी येत नाही.

शनिवारी सकाळी कडा सावलीत होता, ओहोटी होती. मी चढायला लागले. जांभ्याला भोकंच भोकं, पकडीला तोटा नाही. बोटं सोलत होती पण मजा येत होती. जमिनीपासून पाचेक मीटरवर जाणवलं की कमरेशी दोराचा ताण नाही. समोर दोराचा झोळ लोंबत होता. ‘‘टेक!’’ म्हणून ओरडले. उत्तर नाही. पुन्हा ओरडणार, तेवढ्यात उजव्या हातातला दगड खारी बिस्किटासारखा मोडला.

मी पडले. फार नाही, तीनेक मीटर. कोपर आणि गुडघा कड्याला घासत आले आणि गचका बसून थांबले. पायाखालचा दगड एवढा जवळ होता की त्यावरचे शिंपले दिसत होते. ग्रिग्री नावाचं उपकरण गचका बसताच दोर आवळून धरतं. त्याने धरला होता. माझ्या माणसाच्या हातात फोन होता.

‘‘लोन सँक्शन झालं,’’ तो म्हणाला. पांढराफटक पडला होता आणि तोंडातून तेच बाहेर आलं. सड्यावर दोन दिवस रेंज नव्हती. इथे समुद्राकडे तोंड केल्यावर एक दांडी आली आणि एजंटचा मेसेज टपकला. वीस वर्षांचं कर्ज, दोघांच्या नावावर.

मी काहीच बोलले नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं त्याचं तोंड झालं होतं.

दुपारी कशेळीचं कातळशिल्प बघायला गेलो, कारण ठरलं होतं. सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली अशी नऊ ठिकाणं गेली, त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी या तव्यावर बसून दगडाला दगड हाणत होतं. उभ्याने पूर्ण हत्ती नजरेत मावत नाही. तो हत्तीच्या सोंडेशी उभा, मी शेपटीशी. एरवी मी यावर काहीतरी विनोद केला असता.

रात्री कातळ उशिरापर्यंत गरम होता, पाठ शेकून निघत होती. समुद्रात मच्छीमार बोटींचे दिवे. डोक्यावर इतके तारे की पुण्यात राहतो त्याची लाज वाटावी. शेवटी मीच विचारलं, ‘‘मेसेज दोन मिनिटांनी वाचला असता तर?’’

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, ‘‘मला वाटलं, तुला जमतंय.’’

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. घरातला गॅस संपला, माझा बाबा आजारी पडला, भाड्याचा करार संपला, प्रत्येक वेळी त्याला वाटलेलं असतं की मला जमतंय. आणि मीही जमवून दाखवते, तो भाग वेगळा. ते सगळं त्या रात्री बोलून झालं. काही त्याचंही निघालं. मी त्याचा पगार गृहीत धरून नोकरी सोडली तेव्हा त्याला विचारलंच नव्हतं. ही बाई एवढी प्रश्न विचारत फिरते, घरात का नाही विचारत, असं तो म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही. गुरुवारी बँकेत सह्या होत्या, त्या आम्ही पुढे ढकलायचं ठरवलं. किती पुढे, ते नाही ठरवलं.

रविवारी सकाळी मी पुन्हा हार्नेस चढवलं. तो म्हणाला, गरज नाहीये. म्हटलं, आहे. त्याने फोन स्विच ऑफ करून माझ्या सॅकच्या तळाशी घातला, माझी गाठ दोनदा तपासली, मी त्याचं कॅरॅबिनर. ‘‘ऑन बिले?’’ ‘‘ऑन.’’ वर जाताना प्रत्येक दगड मी आधी बोटांच्या पेरांनी ठोकून बघत होते. कमरेशी दोर सतत ताणलेला होता, जरा जास्तच. एकदा तर मला वरून ओरडावं लागलं, ‘‘अरे, थोडा सोड!’’

संध्याकाळी आत्याने माझं सोललेलं कोपर पाहिलं, आत जाऊन कोकमाचं तेल आणलं आणि वाटी माझ्याकडे नाही, त्याच्याकडे दिली.