मुळशीचे बेट

बेटावर सुटी घालवायची म्हटले की डोळ्यांपुढे लक्षद्वीप नाही तर अंदमान उभे राहते. पुणेकरांचे बेट मात्र घरापासून दोनएक तासांच्या वाटेवर आहे. पावसाळ्यात मुळशीचे धरण भरले की भोवतालचे सखल रान बुडते आणि एखाद्या टेकडीचा माथा तेवढा पाण्यावर राहतो. तेच आमचे बेट!

आश्विनात आम्ही सहकुटुंब पौडमार्गे तेथे गेलो. बेट ते केवढे! कारवीची झुडपे, सोनकीची पिवळी फुले आणि वर मोकळे आभाळ. तासाभरात सारे पालथे घालून झाले. परतताना धाकटीने होडीवाल्याला विचारले, "मामा, इथं पाणी किती खोल?"

"किती ते ठावं न्हाई, पोरी. पर खाली आमच्या आज्याचं भाताचं खाचर हाय."

वीजनिर्मितीसाठी टाटा कंपनी हे धरण बांधू लागली, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. लढा हरला, गावे बुडाली. भीमा-कृष्णेतून पूर्व समुद्राला जाणारे मुळेचे पाणी आता घाट उतरून कोकणात भिऱ्याला वीज देते आणि कुंडलिकेतून पश्चिम समुद्राला मिळते.

वाचकहो, बेट अवश्य पाहा. ते सुंदरच आहे. पण दिवाळीत मुंबईला झगमगणाऱ्या दिव्यांत थोडे तेल त्या बुडालेल्या खाचरांचेही आहे, एवढे ध्यानात असू द्या.