अन्व्याचं मढ आणि देवगिरीचा घुमट

भोकरदन तालुक्यातल्या अन्व्याला मी पहिल्यांदा गेलो तो आजीचा हात धरून. तिथल्या जुन्या दगडी देवळाला गावात मढ म्हणतात. आजी पिंडीवर पाणी घालायची, बेल वाहायची आणि मी मंडपात फरशीवर उताणा पडून छत बघत राहायचो. दगडाची वर्तुळं, एकात एक, वर जाताना लहान लहान होत गेलेली. हे खाली का पडत नाही, असं मी विचारलं. आजी म्हणाली, “देवाला विचार बाबा, मला काय ठावं.” पुढं जुन्या वास्तूंचं जतन हाच माझा व्यवसाय झाला. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता दुसराच एक प्रश्न हाती लागला: घुमटाखालचा देव बदलतो, तेव्हा घुमटाचं काय होतं?

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. अन्व्याच्या मंडपात कमान नाही. खांबांवर तुळया, तुळयांच्या कोपऱ्यांवर तिरक्या शिळा, म्हणजे चौकोनाचा झाला अष्टकोन. त्यावर दगडाचा एकेक आडवा थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला. शेवटी मधोमध उरलेलं भोक एका शिळेनं झाकायचं. आपल्याकडे याला वितान म्हणतात. यातला प्रत्येक दगड आडवा बसतो आणि त्याची शेपटी वरच्या थराच्या वजनाखाली दाबलेली राहते. वजन बहुतेक सरळ खाली जातं, भिंतींना बाहेर रेटा फारसा बसत नाही. कमानीचा घुमट वेगळा. त्यात दगड पाचरीसारखे घडवलेले, सगळे केंद्राकडे कललेले, एकमेकांना दाबत उभे. तो खालच्या भिंतींना सतत बाहेर ढकलत असतो. वितानानं फार रुंद जागा झाकता येत नाही, कमानीच्या घुमटानं येते, पण रेटा सांभाळण्याची किंमत मोजून.

आता देव. अन्व्याचं देऊळ साधारण बाराव्या शतकातलं. गाभाऱ्यात आज महादेव आहे. पण बाहेरून प्रदक्षिणा घाला आणि भिंतीवरच्या स्त्रीमूर्तींच्या हातांकडे नीट बघा. शंख, चक्र, गदा, पद्म. प्रत्येक मूर्तीत तीच चार आयुधं, फक्त हातांमधला क्रम बदललेला. केशव, नारायण, माधव अशी विष्णूची चोवीस रूपं याच क्रमावरून ओळखायची असतात. इथं ती रूपं विष्णूच्या शक्तींची, म्हणजे स्त्रीरूपात घडवलेली आहेत. डॉ. गो. बं. देगलूरकरांनी या मूर्तींकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. मूळ देऊळ वैष्णव असावं, असं त्या मूर्तीच सांगतात. आत महादेव कधी आला, याची नोंद भिंतीवर नाही. पण नव्या भक्तांनी जुन्या मूर्ती छिलून काढल्या नाहीत, म्हणून तर आपल्याला ही गोष्ट कळते. माझी आजी शिवाची उपासक होती, आणि तिला त्या मूर्तींचा कधी अडथळा झाला नाही.

देव बदललेली दुसरी वास्तू देवगिरीला आहे. जालन्याहून पश्चिमेला निघालं की संभाजीनगर ओलांडून देवगिरी. किल्ल्यात चांद मिनारच्या समोरच्या बाजूला, हत्ती हौदाजवळ एक भलंमोठं आवार आहे. पाटीवर लिहिलंय भारतमाता मंदिर. आत प्रशस्त अंगण, पश्चिमेला खांबांचं दालन आणि त्याच्या मध्यावर, मिहराबच्या, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या पुढं, एकच घुमट. यादवांचं राज्य बुडाल्यावर दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन मुबारक खिलजी यानं 1318 मध्ये ही जामी मशीद बांधवली. यादव राजा रामदेवरायाचा जावई हरपालदेव मुबारकच्या त्याच स्वारीत मारला गेला. 1347 मध्ये हसन गंगू अलाउद्दीन बहमनशाह म्हणून सुलतान झाला, तो राज्याभिषेकही याच मशिदीत झाला. मग निजामशाही, 1633 पासून मोगल, पुढं हैदराबादचा निजाम. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि त्यानंतर मिहराबच्या जागी भारतमातेची मूर्ती बसली. तिथं हळदकुंकू वाहिलेलं मी पाहिलं आहे.

दालनात शिरा आणि एका खांबाला हात लावा. तळाशी चौकोन, वर अष्टकोन, मग वर्तुळ, माथ्यावर तुळई झेलणारे हात. हे देवळाचे खांब आहेत. विद्यार्थ्यांना मी इथं आणतो तेव्हा खांबावरून बोट फिरवायला सांगतो, कारण छिन्नी कुठल्या दिशेनं चालली ते डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. वेगवेगळ्या देवळांतले खांब एका छताखाली आणायचे तर उंची जुळवावी लागते, तुळया पुन्हा मापून घ्याव्या लागतात. हे काम दिल्लीहून आलेल्या सरदाराच्या हातचं नव्हे. दगडाची नस ओळखणारा माणूसच ते करतो, आणि असा माणूस त्या काळी इथलाच होता. कदाचित त्याच्या बापानं देऊळ बांधलं असेल आणि त्यानं त्याच देवळाच्या खांबांवर मशीद उभी केली असेल. त्याच्या मनात काय चाललं असेल, हा विचार मला दर वेळी तिथं गप्प करतो.

देवळं पाडली गेली, हे ते खांबच सांगतात, आणि ते कुणी झाकू नये. पुढं पिढ्यानपिढ्या ही मशीद होती, हेही त्याच वास्तूत लिहिलेलं आहे, आणि तेही कुणी पुसू नये. मशीद म्हणून केलेलं काम खरवडून “मूळ” काढू म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: ज्या दालनात हे खांब आज उभे आहेत, ते दालनच मशिदीचं आहे. ते काढलं तर उरेल दगडांचा ढीग. मग पुरावा कुठं शोधणार?

याच धर्तीची जगातली सर्वांत गाजलेली वास्तू इस्तंबूलची हागिया सोफिया. सम्राट जस्टिनियनच्या काळात 537 मध्ये चर्च म्हणून पुरी झाली. घुमटाचा व्यास साधारण 31 मीटर. मघाशी म्हटलेला रेटा तिला लवकरच भोवला. भूकंपांनी खिळखिळा झालेला घुमट 558 मध्ये कोसळला, आणि 562 मध्ये पुन्हा बांधताना तो अधिक उंच केला, कारण उंच घुमट भिंतींना कमी ढकलतो. 1453 मध्ये तिची मशीद झाली. सोळाव्या शतकात मिमार सिनान या उस्मानी वास्तुविशारदानं बाहेरून धिरे देऊन तिला सावरलं. म्हणजे ख्रिस्ती घुमट आज उभा आहे त्यात मुसलमान कारागिराचा मोठा वाटा आहे. आतल्या कुट्टिमचित्रांवर (मोझेकवर) चुन्याचा गिलावा चढला होता. त्या गिलाव्यानं चित्रं झाकली आणि राखलीही. 1934 च्या निर्णयानं ही वास्तू संग्रहालय झाली, 2020 मध्ये पुन्हा मशीद. तिथं प्रार्थना कुणी करावी यावर मी बोलणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण घुमटाचा तडा मोजणाऱ्याला आत रोज जाता आलं पाहिजे, हे मात्र मी ठामपणे म्हणेन.

आपल्याकडे घुमटाचा शत्रू भूकंपापेक्षा पिंपळ आणि सिमेंट. पाखराच्या विष्ठेतून पिंपळाचं बी सांध्यात पडतं, दोन पावसाळ्यांत मुळं चुन्यात शिरतात. वरून फांदी छाटली की मूळ आणखी जाड होतं. मग कुणीतरी भेगेत सिमेंट भरतो. सिमेंट पाणी कोंडून धरतं, दगड आतून फुगतो आणि पापुद्रे सुटतात. चुना श्वास घेतो. जुने मिस्तरी चुना, वाळू, विटांची सुरखी घाणीत मळायचे, त्यात गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालायचे. हे मिश्रण सावकाश घट्ट होतं आणि दगडाबरोबर हलतं. अशी घाणी फिरवणारे मिस्तरी आता मराठवाड्यात शोधावे लागतात.

एका गावी मला यापेक्षा वाईट बघावं लागलं. कळकळीच्या भक्तांनी वर्गणी काढून यादवकालीन देवळाला ऑइलपेंट दिला होता, मूर्तींना गुलाबी, वितानाला निळा. त्यांचा भाव खरा होता, म्हणून मला रागावता आलं नाही. रंग काढायला गेलो तर दगडाची वरची कातडी रंगाबरोबर सुटू लागली. काम थांबवावं लागलं. मूर्तींच्या हातात काय होतं ते आता सांगता येत नाही. अन्व्याला असा रंग लागला असता तर ती चोवीस रूपं कुणाला ओळखता आली नसती.

दिवाळीला गावी जाल तेव्हा तुमच्या शिवेतल्या जुन्या देवळात, दर्ग्यात, मशिदीत जा. मान वर करून छत बघा, आडवे थर आहेत की कमान, ते ओळखा. मोबाईलवर चारही बाजूंचे फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. आणि गावकीत रंगाची किंवा सिमेंटची वर्गणी निघाली तर हात जोडून एवढंच सांगा की आधी जाणत्या माणसाला दाखवू, मग डबा उघडू.