वाचक तुझा असू दे

चि. छकुलीस,


काल रात्री घरच्या ग्रुपवर तुझा निरोप वाचला आणि झोप उडाली. ‘ब्लॉगवर जाहिराती सुरू झाल्या, सगळ्यांनी रोज दोन-दोनदा क्लिक करा!’ अगं, असं कुणी सांगतं का? मोठ्या मावशीनं तर लगेच कामाला सुरुवातही केली. आधी तिला थांबव. घरच्यांनी मारलेल्या टिचक्या गूगलच्या लक्षात येतात. मग कमाई कापली जाते, खातंही बंद पडू शकतं, आणि बंद पडलेलं खातं परत मिळवणं फार कठीण. तुझी वर्षभराची मेहनत मावशीच्या प्रेमापायी वाया जायला नको.

तू विचारलंस, यात पोट भरेल का. बाळा, गूगलची ॲडसेन्स २००३ साली निघाली, पण मराठीला तिथं जागा मिळायला फार वर्षं गेली, आणि अजूनही मराठी पानावरच्या जाहिरातीला इंग्रजीएवढा भाव नाही. कमाई दहा डॉलरला पोचली की पत्त्याच्या खात्रीसाठी पिन पोस्टानं घरी येतो. शंभर डॉलर भरल्याशिवाय बँकेत काही पडत नाही. हे शंभर भरायला नवख्या माणसाला किती महिने लागतात, ते लिहिणाऱ्यांना विचारून बघ. म्हणून शिरोलीची नोकरी इतक्यात सोडू नकोस. कागलला तात्यांनी अशीच नोकरी सोडली होती, ते तुला ठाऊक आहे. त्यानंतरची तुझ्या आईची दोन वर्षं मी जवळून पाहिली आहेत.

पण मला खरी काळजी पैशाची नाही. तुझा चपलांवरचा लेख वाचला. भाषा सुंदर आहे, भवानी मंडपाजवळची चप्पल लाईन डोळ्यांपुढे उभी राहते. मग फोटो मोठा करून पाहिला. वेणी छान आहे, गोंडाही आहे, पण तळाच्या कडेनं नायलॉनचा दोरा दिसतो. आणि खाली तू लिहिलंस, ‘अस्सल हातशिलाई’. आबांची कापशी चप्पल तू लहानपणी पायात घालून अंगणभर फिरायचीस. चामड्याच्या वादीची शिलाई कशी असते, ते तुला कुणी सांगायला हवं का? दुकानदारानं लेखाचे पैसे दिले, असं तुझ्या आईकडून कळलं. पैसे घेण्याला माझी हरकत नाही. पण मग वर ‘जाहिरात’ असं ठळक लिहायला हवं. २०२१ पासून जाहिरात क्षेत्राच्या परिषदेचा, एएससीआयचा, तसा नियमच आहे. आणि नियम नसता तरी तुझ्या शब्दावर विसंबून पुण्या-मुंबईचा माणूस चप्पल मागवणार, तळाचा नायलॉनचा दोरा पाहणार, आणि तो पुन्हा तुझं काही वाचणार नाही. ब्लॉगवाल्याच्या पदरात एकच माल असतो, वाचकाचा विश्वास. तो दुकानदाराला विकलास की पुढं विकायला काही उरत नाही.

‘मामा, सोशल मीडियावर प्रसिद्धी फुकट मिळते,’ असं तू म्हणालीस. प्राडा या फॅशन कंपनीचं उदाहरण दिलंस, तर त्याबद्दलच बोलतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला आल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं गेलं नाही. लोक फेसबुक, इन्स्टावर तुटून पडले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, तेव्हा प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं कंपनीनं मान्य केलं. जुलैत त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी २,००० जोडांचा करार झाला. जाहिरातीवर छदाम खर्च न होता हे घडलं, हे खरं. पण त्यामागं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात चामडं कमावणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या आहेत, आणि २०१९ साली दोन राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळालेलं भौगोलिक मानांकन आहे. हे आधीपासून होतं म्हणून ओरडणाऱ्यांच्या ओरडण्याला वजन आलं. याला फुकट म्हणू नकोस. आपल्या बाबूराव पेंटरांनी १९२४ मध्ये ‘कल्याण खजिना’ चित्रपटाचं पोस्टर केलं, तेव्हा त्यांच्यामागंही किती वर्षांचा कुंचला होता!

आणि मला सारखं डाचतं ते हे, की एवढ्या गदारोळात नाव कुणाचं झालं? प्राडाचं. सुभाषनगरात, जवाहरनगरात उंबऱ्यात बसून वेणी घालणाऱ्या बायकांपैकी एकीचं तरी नाव तुला सांगता येईल? मलाही येणार नाही. ती नावं तू लोकांपुढं आणू शकतेस, म्हणून तुझ्यावर एवढा चिडलो.

आणखी एक. सगळं इन्स्टावर ठेवू नकोस. भाड्याच्या खोलीला संगमरवर बसवण्यासारखं ते आहे. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या पोरांचे लाखो चाहते एका रात्रीत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नगरकडच्या ‘आपली आजी’ या यूट्यूब चॅनेलचा ताबा दुसऱ्याच कुणी घेतला. आजींचं नशीब, चार-पाच दिवसांत परत मिळालं. तुझ्या नावाचं स्वतःचं डोमेन घे, लेख तिथं ठेव, वाचकांचे ई-मेल त्यांच्या संमतीनं जमा कर. रीलमधून माणसं तिकडं आण. रील चालली नाही म्हणून रात्री दोनपर्यंत जागत बसू नकोस. तुझ्या आईला तुझ्या डोळ्यांची फार चिंता आहे. पाठीचं दुखणं कसं आहे, तेही कळव. रस्सा-मिसळीचे व्हिडिओ करता करता तुझं स्वतःचं जेवण वेळेवर होत नाही, असं ऐकलं.

रविवारी सुभाषनगरात जा. एखाद्या वेणीवाल्या मावशींशेजारी बस, एका जोडीचे हातात किती पडतात ते विचार. त्यांची हरकत नसेल तर पूर्ण नावानिशी लिही. आणि त्याआधी, आजच, त्या चपलेच्या फोटोखालचे ‘अस्सल हातशिलाई’ हे दोन शब्द काढून टाक.

तुझा,
मामा