विडी वळायला शिकणे : सोलापूरच्या हातांचा इतिहास

१. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून देशभर ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आणली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या वटहुकुमाचा कायदा झाला. विडीला मात्र ही बंदी लागू नव्हती. सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या हजारो स्त्रियांचे काम पूर्ववत चालू राहिले. हा धागा त्या कामाविषयी, आणि त्याहूनही ते काम शिकण्याविषयी आहे.

२. प्रारंभी एक तुलना. जगभरातील काही हौशी मंडळी ई-सिगारेटमधील तापतारेची वेटोळी स्वतःच्या हाताने तयार करतात. बारीक सळईभोवती मिश्रधातूची तार गुंडाळायची, वेढे मोजायचे, रोध तपासायचा आणि मधून कापसाची वात ओवायची. वात फार दाबून भरली की द्रव वर चढत नाही आणि कापूस करपतो. सैल राहिली की द्रव गळतो. हे गणित बोटांना समजेपर्यंत बरीच तार वाया जाते.

३. विडीचे गणित याच जातीचे आहे. घट्ट वळली तर ओढता येत नाही, सैल वळली तर विझते किंवा तंबाखू गळतो. धुराला वाट मिळेल इतकी पोकळी ठेवायची आणि पान सुटणार नाही इतका ताण द्यायचा. फरक एवढाच की तार गुंडाळणारा हौसेसाठी शिकतो आणि त्याने वाया घालवलेली तार त्याची स्वतःची असते. सोलापुरात ही विद्या पोटासाठी शिकली गेली, आणि चुकीची किंमत मजुरीतून वळती झाली.

४. हे काम सोलापुरात इतके का रुजले? १८७७ मध्ये येथे पहिली मोठी कापड गिरणी उभी राहिली. लोक तिला 'जुनी मिल' म्हणत. गिरण्या आणि हातमाग यांच्या ओढीने तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे मोठ्या संख्येने आली. पुरुष मागावर किंवा गिरणीत जात. स्त्रियांना घर आणि मुले सांभाळून करता येईल असे काम हवे होते. विडी कारखानदारांना हवे होते स्वस्त, चपळ आणि घरातच बसलेले हात.

५. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. गिरणीचा भोंगा थांबला तरी घरातील सूप थांबले नाही. ज्या कमाईला वरकड म्हटले जात होते, तिच्यावरच अनेक घरांची चूल पेटू लागली. सोलापूरच्या औद्योगिक इतिहासात गिरणीच्या धुराड्याला मानाचे स्थान मिळते. सुपाला क्वचितच मिळते.

६. कच्च्या मालाचा भूगोलही पाहण्याजोगा आहे. पान तेंदूचे. मराठीत हे झाड टेंभुर्णी म्हणूनही ओळखले जाते, आणि सोलापूर जिल्ह्यातल्याच एका मोठ्या गावाचे नाव टेंभुर्णी आहे. पूर्व भागातील तेलुगू घरांत तेच पान 'तुनिकाकु' होते. पानांची तोडणी उन्हाळ्यात गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलांत होते. विडीच्या तंबाखूसाठी गुजरातचा चरोतर आणि सीमाभागातील निपाणी हे मुलूख प्रसिद्ध आहेत. जंगलातील मजूर, शेतातील कुणबी आणि घरातील कामगारीण यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नसते; तिघांचे श्रम बोटभर लांबीच्या एका वस्तूत एकत्र येतात.

७. आता प्रत्यक्ष कृती. पाने भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. कोरडे पान तडकते आणि फार ओले पान विडीला बुरशी आणते. मग पत्र्याच्या फर्म्याच्या मापाने, जाड शिरा टाळून, कात्रीने पान कापायचे. एका पानातून किती तुकडे निघतात यावर कामगारिणीचा हिशेब उभा असतो. तुकड्यावर चिमूटभर तंबाखू पसरायचा, तिरके वळायचे, टोक आत दुमडायचे आणि दोऱ्याचे वेढे द्यायचे.

८. चिमूटभर म्हणजे किती? साधारण पाव ग्रॅम, अनेकदा त्याहूनही कमी. प्रत्येक विडीसाठी तराजू कोणी हाती घेत नाही. बोटांची टोके हाच तराजू. मजुरी हजार विड्यांवर ठरते. दिवसाचे दहा तास धरले आणि हजार विड्या पुऱ्या करायच्या ठरवल्या, तर एका विडीच्या वाट्याला ३६ सेकंद येतात. त्यातच पान कापणे, वळणे, बांधणे आणि बंडले लावणे आले. स्वयंपाक, पाणी आणि लेकरू यांचा वेळ या हिशेबात धरलेलाच नाही.

९. हे शिकवणारी शाळा नव्हती. आईच्या शेजारी बसलेली मुलगी आधी बंडले मोजू लागे. मग टोके दुमडणे आणि दोरा बांधणे तिच्याकडे येई. कात्री हाती येण्यास वेळ लागे, कारण चुकीचा काप म्हणजे वाया गेलेले पान. वळणे सर्वांत शेवटी. तिची पहिली विडी वाकडी येई. आई ती उलगडे, तंबाखू सुपात झाडे आणि तेच पान पुन्हा तिच्या हातात देई. शब्द फार लागत नसत. शिक्षण डोळ्यांकडून बोटांकडे जाई.

१०. या शिक्षणाकडे पाहताना भावुकतेचा मोह टाळायला हवा. शिकणारी बहुधा लहान मुलगी होती. तिच्या श्वासात तंबाखूची धूळ होती, पाठ तासन्तास वाकलेली होती आणि शाळेचा वेळ सुपात जात होता. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात विडीनिर्मितीची नोंद होती. परंतु त्याच कायद्याने कुटुंबाच्या मदतीने घरी चालणाऱ्या कामाला सूट दिली होती. विडी मुख्यतः घरीच वळली जात होती. जेथे मूल काम शिकत होते, नेमकी तीच जागा कायद्याच्या नजरेबाहेर राहिली. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट मनाई करणारी दुरुस्ती २०१६ मध्ये झाली.

११. प्रौढ कामगारिणीसाठी कायदे पूर्वीपासून होते. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत विडी उद्योगाचा उल्लेख होता. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. कारखानदारांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि घरी बसून काम करणारी स्त्रीही त्याच्या कक्षेत येते हे मान्य केले. १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला. 'घरकाम' आणि 'कामगार' हे दोन शब्द कायद्याच्या भाषेत एकत्र येण्यासाठी एवढा प्रवास करावा लागला.

१२. १९६६ च्या कायद्यातील ३९ वे कलम इतिहासाच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावे. कच्चा माल देण्यावरून, विड्या नाकारण्यावरून आणि नाकारलेल्या विड्यांच्या मजुरीवरून होणारे तंटे कसे मिटवावेत, याची तरतूद त्यात होती. कायद्यात एखादा तंटा नावानिशी येतो, तेव्हा तो रोजचा झालेला असतो. पान कमी किंवा खराब मिळाले तर तूट भरून काढायची कामगारिणीने. तपासनीसाने विड्या बाद केल्या तर त्यांची मजुरी जायची तिचीच. या तक्रारी देशभरातील विडी कामगारांनी पिढ्यानपिढ्या मांडल्या आहेत.

१३. येथे या इतिहासाची गाठ सापडते. विडी बाद करताना व्यापार कामगारिणीकडून कुशल हाताची अपेक्षा करतो. मजुरी देताना मात्र तिला अकुशल समजतो. बोटांचा तराजू चुकला तर दंड आहे, वर्षानुवर्षे बिनचूक चालला तर त्याचे प्रमाणपत्र कोणी देत नाही. घरी शिकलेले, स्त्रीने शिकवलेले आणि मुलीने आत्मसात केलेले ज्ञान 'ज्ञान' म्हणून नोंदवलेच गेले नाही.

१४. तरीही या हातांनी आपली नोंद दुसऱ्या मार्गाने करून घेतली. मध्य प्रांतात विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कामठीचे बाबू हरदास यांनी विडी मजुरांना संघटित केले होते. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील लाल बावट्याच्या चळवळीने निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला. त्यातून कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत घरे हस्तांतरित झाली. वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांचे नाव या वसाहतीला आहे.

१५. पुढे असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प आला. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातील १५,००० घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. ३६ सेकंदांच्या हिशेबावर आयुष्य काढणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने स्वतःच्या भिंती म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पण घर मिळाल्याने हजारी मजुरीचा प्रश्न सुटत नाही. नव्या भिंतींच्या आतही सूप आलेच.

१६. विडी आरोग्याला घातक आहे, ओढणाऱ्याच्या आणि वळणारीच्याही. तिचा खप घटावा हेच इष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली. त्याच्या १७ व्या कलमात तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना परवडेल असा पर्यायी रोजगार उभा करण्यास साहाय्य द्यावे, असे म्हटले आहे. विडीवरील सचित्र इशारा छापणे सोपे होते. १७ वे कलम सोलापूरच्या गल्लीपर्यंत आणणे हे अवघड काम आहे.

१७. आणि पर्याय शोधताना पहिला प्रश्न हाच असेल की या स्त्रियांना काय येते. 'काहीच येत नाही' असे उत्तर गृहीत धरले, तर योजना तेथेच फसेल. पाव ग्रॅमचा अंदाज, कापातील काटकसर, मिनिटामिनिटाचे नियोजन आणि स्वतःच्या चुका क्षणात ओळखणारी नजर त्यांच्याजवळ आहे. ज्या हाताला इतके येते, त्याला दुसरे कामही येईल. मात्र त्याची मजुरी कुशल हाताची असायला हवी.

१८. तार गुंडाळायला शिकणाऱ्यांसाठी आज असंख्य चित्रफिती आहेत. विडी वळण्याचे शिक्षण लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही, आणि ज्यांना ते ठाऊक आहे ती पिढी आता म्हातारी होत आहे. सोलापूर, अहिल्यानगर, सिन्नर, गोंदिया, कामठी, निपाणी, कोठेही घरातील आजी विडी वळत असेल, तर तिला एवढे विचारावे : कोणाकडून शिकलात, कितव्या वर्षी, आणि बाद झालेल्या विड्यांचे पुढे काय होई? तिचे उत्तर तिच्याच शब्दांत उतरवून ठेवावे. तोही इतिहासाचा दस्तऐवज आहे.