हातगुण

आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला डावीकडूनच थापटायचं, उजवीकडून थापटलं तर तो चिडतो, असं आजीचं ठाम मत. आणि खरंच, डावीकडून चापट बसली की पडद्यावरच्या मुंग्या जाऊन बातम्या दिसायच्या. पुढे मी कॉम्प्युटर दुरुस्तीत पडले, तेव्हा कळलं की त्या बाजूला कुठेतरी ‘ड्राय सोल्डर’ असणार, धक्क्याने तेवढ्यापुरता जुळणारा. आजीला सोल्डर माहीत नव्हतं. बाजू मात्र तिने अचूक सांगितली होती.

आपोआप बऱ्या झालेल्या यंत्रांविषयी लोक जे सांगतात, ते मी म्हणूनच कान देऊन ऐकते. रॅम झोपली होती, खोडरबराने घासल्यावर जागी झाली. (घासल्याने तिच्या पट्ट्यांवरचा थर निघतो.) खंडेनवमीला हार घातला नाही म्हणून सीपीयू रुसला. “मॅडम, तुमचा हातगुण! शेजारी उभ्या राहिलात आणि चालू झालं,” हे तर नेहमीचंच. कुणी बघत असलं की माणूस सावकाश कळ दाबतो, एरवी गाळतो ती पायरी गाळत नाही.

तालुक्याच्या एका पतसंस्थेतल्या कॅशियरताई त्यांच्या कॉम्प्युटरबद्दल म्हणायच्या, “याला बाजाराच्या दिवशी गर्दी सोसत नाही. दुपारनंतर आपलं आपण शांत होतं.” त्या दिवशी मी तिथे बसून राहिले. शेजारची पिठाची गिरणी सकाळपासून अखंड चालू, व्होल्टेज पडलेलं, मशीन पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतंय. दुपारी गिरणी थांबली आणि आजार गेला. ताईंनी वार सांगितला नसता, तर मी नुसते पार्ट बदलत बसले असते.

मोठमोठे शास्त्रज्ञही याच वाटेने गेलेत. वोल्फगांग पाउली आला की उपकरणं बिघडतात म्हणून ऑटो स्टर्नने त्याला हॅम्बुर्गच्या आपल्या प्रयोगशाळेत बंदी केली होती. शोधायला गेलं की लपणाऱ्या दोषांना संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५च्या निबंधात ‘हायझेनबग’ म्हटलं. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेकला मतमोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त मिळाली. पुन्हा मोजली तर सगळं ठीक. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, तेव्हा अंतराळातून आलेल्या एखाद्या कणाने कॉम्प्युटरच्या स्मृतीतला एक बिट उलटवला असावा, असं तज्ज्ञांनी सांगितलं. दृष्ट लागली म्हणणारी आपली माणसं यापुढे फारच साधी वाटतात.

आपोआप गेलेला बिघाड बहुधा परत येतो. म्हणून मशीन बंद-चालू करण्याआधी वार, वेळ आणि आजूबाजूला काय चालू होतं, ते लिहून ठेवा. आणि दुरुस्तीला आलेला माणूस हसला, तरी तुम्हाला वाटणारं कारण त्याला जरूर सांगा.